चांदीच्या नावाखाली

रस्त्याने कोकणातून मुंबई गाठायची तर रायगड जिल्ह्यातलं पनवेल सहसा लागतंच. तिथल्या कळंबोली सर्कलवर आज लोखंड बाजाराचे ट्रेलर, कोकणातल्या एसट्या आणि एक्सप्रेस-वेची वाहनं एकमेकांत अडकलेली असतात. ताडपत्रीखाली काय आहे, हे कोणी कोणाला विचारत नाही. हेरकथांमध्ये आपण वेषांतर, सांकेतिक लिपी आणि विषाच्या कुप्या शोधतो. याच रायगड जिल्ह्यात १९९३ साली जी गुप्त मोहीम पार पडली, तिला यातलं काहीच लागलं नाही. तिला मिळाली ती वर्षानुवर्षं वापरातली वाट आणि त्या वाटेवरचे ठरलेले दर.

९ जानेवारीला तस्कर मोहम्मद डोसाचा माल श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीला उतरला. ३ आणि ७ फेब्रुवारीला त्याच तालुक्यात शेखाडीला दुसरा तस्कर टायगर मेमनचा. या किनाऱ्यावर ‘लँडिंग’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नसे. रात्री मचवा येणार, चांदी उतरणार, ट्रक भरणार आणि कस्टम-पोलिसांचा हिस्सा पोहोचणार. १९९२च्या अर्थसंकल्पाने अनिवासी भारतीयांना सोनं आणायची मुभा दिली आणि या धंद्याच्या मुळावरच घाव बसला. माझ्या मते, पाकिस्तानच्या आयएसआयला अशी मिळकत आटत चाललेली यंत्रणा आयतीच सापडली. त्यात डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींनी मुंबई धुमसत होती. सूड उगवायला तयार झालेले तरुण शोधायला फार फिरावं लागलं नाही.

दिघीच्या मालाचे ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले होते. म्हणजे नाकाबंदी झाली, ट्रक थांबले, शोध लागलाच होता म्हणा ना! पण ट्रक जप्त होण्याऐवजी सौदा झाला आणि पैसे मिळेपर्यंत तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या गेल्या. विटा घेणाऱ्यांनी बाकीचा माल नीट तपासला असता तर, असं मनात येतंच. पण न तपासण्याचेच तर ते पैसे होते. शत्रूराष्ट्राच्या हेरखात्याला याहून स्वस्त आवरण कुठे मिळणार?

आणि कोणाला काहीच माहीत नव्हतं, असंही नाही. महसूल गुप्तचर संचालनालयाने २५ जानेवारीलाच कस्टमला पत्र पाठवून कळवलं होतं की आयएसआयच्या मदतीने सोन्याचांदीबरोबर शस्त्रं उतरवली जाणार आहेत. शेखाडीचं पहिलं लँडिंग त्यानंतर नऊ दिवसांनी झालं. कस्टमचे ॲडिशनल कलेक्टर सोमनाथ थापा यांना पुढे याच प्रकरणात जन्मठेप झाली. शेखाडीचा माल वांगणी टॉवरला नेऊन तिथून गाड्यांच्या चोरकप्प्यांत भरला गेला. तरुणांची एक तुकडी दुबईमार्गे इस्लामाबादला जाऊन शस्त्रं चालवायला शिकून आली; पाकिस्तानात त्यांच्या पासपोर्टवर शिक्के उमटले नाहीत. १२ मार्चला मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. वरळीला सोडून दिलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरून पोलीस मेमन कुटुंबापर्यंत पोहोचले. इतकी मोठी मोहीम उघडी पडली ती गाडीच्या कागदांवरून. २१ मार्च २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आयएसआयचा हात स्पष्ट शब्दांत नोंदवला.

पुढच्या वेळी, २००८च्या मुंबई हल्ल्यासाठी, वाट वेगळी होती. दाऊद गिलानी या अमेरिकन नागरिकाने २००६ साली अमेरिकेत आपलं नाव बदलून डेव्हिड हेडली केलं. नव्या नावाचा पासपोर्ट काढला, व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती भरली आणि मुंबईत येऊन ताडदेवला इमिग्रेशन सल्लागाराचं ऑफिस थाटलं. आयएसआयच्या मेजर इक्बालने त्याला पंचवीस हजार डॉलर दिले होते. ऑफिसला फारशी गिऱ्हाइकं नसली तरी चालणार होतं. दारावरची पाटी पुरेशी होती. गोरा, अमेरिकन, इंग्रजी फाडफाड बोलणारा पाहुणा म्हटल्यावर आपण कसे विरघळतो, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. जिममध्ये त्याला मित्र मिळाले, ताजमध्ये तो बायकोबरोबर राहिला, पुण्यात ओशो आश्रमातही जाऊन आला. २६ नोव्हेंबर २००८ आधी त्याच्या भारतात पाच फेऱ्या झाल्या आणि हल्ल्यानंतर आणखी एक. एप्रिल २००८मध्ये तर बोटीतून फिरून, हातातल्या जीपीएसवर नोंदी करत त्याने किनारा पाहिला आणि दहा हल्लेखोरांना उतरायला कफ परेडची मच्छिमार वस्ती सुचवली.

त्या वस्तीवर मात्र त्यांना कोळ्यांनी हटकलं, कोण तुम्ही म्हणून. हेडलीच्या दोन वर्षांत मुंबईत जे कोणाच्या तोंडून निघालं नाही, ते तिथे विचारलं गेलं. किनाऱ्यावरच्या माणसाला आपली होडी आणि परकी होडी लगेच कळते. २६/११नंतर होड्यांना राज्यवार रंग ठरले, मच्छिमारांना ओळखपत्रं मिळाली, सागरी पोलीस ठाणी वाढली. २०१६च्या सप्टेंबरात उरणच्या शाळकरी मुलांनी संशयित शस्त्रधारी दिसल्याचं सांगितलं, तेव्हा नौदलासकट सगळे धावले. शोधाशोध होऊन हाती काही लागलं नाही.

हेडली अमेरिकेत पस्तीस वर्षांची शिक्षा भोगतो आहे. गुन्हा कबूल करताना त्याने भारताकडे सोपवलं न जाण्याची अट पदरात पाडून घेतली होती. त्याच्या इमिग्रेशन ऑफिसला आपल्या कंपनीचं नाव वापरू देणाऱ्या तहव्वूर राणाला १० एप्रिल २०२५ रोजी दिल्लीत आणलं गेलं. टायगर मेमन अजून फरार आहे.