तीन पाऊण सव्वादोन

कॅरव्हॅन म्हटलं की रील्स आठवतात. मागचं दार उघडं, समोर समुद्र, हातात कॉफीचा मग. आमच्या घरी मात्र कॅरव्हॅनचा विषय निघाला तो टॉयलेटवरून.

आजी ७८ वर्षांची. गुडघे दुखतात, शुगर आहे, तासाभरानं बाथरूमला जावं लागतं. माहेर गुहागर तालुक्यात, हेदवीच्या अलीकडे. सहा वर्षांत ती तिकडे गेली नव्हती. "वाटेत उतरू कुठे मी?" म्हणायची आणि विषय संपायचा. या जानेवारीत तिच्या भावाचा फोन आला. जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधायचंय, पावसाळ्याआधी. आजी काहीच बोलली नाही, म्हणून आईनं टॉयलेटवाली गाडी शोधली.

कॅरव्हॅन म्हणजे टेम्पोच्या सांगाड्यावर बसवलेलं छोटं घर. दोन बेड, शेगडी, पाण्याची टाकी, ड्रायव्हरकाका सोबत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलंय. धोरण छान आहे, पण केळशी-आंजर्ल्याच्या गल्ल्या त्या धोरणाच्या कितीतरी आधीच्या. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर सुपाऱ्यांचे शेंडे आणि मध्ये आम्ही. समोरून एसटी आली की काका गाडी थेट कोणाच्या तरी अंगणाच्या तोंडाशी रिव्हर्स घेत होते. तिथल्या काकू चिडायच्या सोडून "पाणी घेता का?" विचारायच्या.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग नकाशावर सलग दिसतो. प्रत्यक्षात दाभोळ, जयगडसारख्या मोठ्या खाड्या फेरीबोटीनंच ओलांडायच्या. पहिल्या दिवशी बागमांडल्याहून वेसवीला सहज पार झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दाभोळच्या जेटीवर पोचलो आणि अडकलो.

पाणी खूप खाली गेलं होतं. बोटीची फळी आणि जेटीचा उतार यांच्यात असा कोन झाला होता की छोट्या गाड्या चढत होत्या, पण आमच्या गाडीचा मागचा लांब भाग खाली घासला असता. जेटीवरच्या दादांनी वाकून बघितलं आणि मान हलवली. "भरती येऊ दे."

बाबा वैतागले. चिपळूणवरून मोठा वळसा घ्यायचा की थांबायचं? मी फोनवर भरतीचं वेळापत्रक शोधत होते, पण रेंज येत-जात होती. तेवढ्यात आतून आवाज आला. "उद्या संकष्टी ना? म्हणजे आज तृतीया. तीन पाऊण सव्वादोन."

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

हिशोब असा: तिथीची पाऊणपट करायची. येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. तृतीयेला साधारण सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे आठच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, गणित तेच. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झाले होते, म्हणूनच जेटी इतकी उघडी पडली होती. "बारापर्यंत चढेल गाडी," आजी म्हणाली. दादा हसले. "आजी इकडच्याच दिसतात." पाऊणकी ती शाळेत शिकली, भरती वडिलांकडून. मला पाऊणकी नावाचा पाढा असतो हेच माहीत नव्हतं.

पावणेबाराला आम्ही बोटीत होतो. दाभोळ-धोपावे ही फेरी २००३ पासून सुरू आहे. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण त्या वेळात आजी खिडकीशी उभी राहून पलीकडच्या किनाऱ्याकडे बघत होती. गुडघ्यांचा विषयही नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती रीलमध्ये दिसत नाही. टॉयलेटची टाकी रिकामी करावी लागते. गाडी भाड्यानं देणाऱ्यानं "कुठेही होतं हो" असं सांगितलं होतं. कुठेही होत नाही. खाडीत ओतायला आईनं साफ नकार दिला (बरोबरच होतं). शेवटी गुहागरात एका लॉजवाल्याला पैसे देऊन त्याच्या सेप्टिक टँकमध्ये ते काम मी आणि बाबांनी केलं. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

माहेरच्या वाडीत कॅरव्हॅन शिरलीच नाही. शेवटचा तुकडा रिक्षानं. आजीसाठी आणलेलं टॉयलेट एक किलोमीटर मागे डांबरी रस्त्यावर उभं आणि आजी घराच्या जोत्यावर बसलेली. रात्री ती तिथेच झोपली. संडास मागच्या अंगणात. मी टॉर्च घेऊन धावले, तर ती अंधारात भिंतीला हात लावत एकटीच निघाली होती. "इथे पायरी आहे, बघ," असं मलाच सांगत.

चतुर्थीला हेदवीच्या दशभुजा गणपतीला जाऊन आलो. पंचमीला सकाळी आठला बाबा बॅगा भरत होते.

"पाच पाऊण पावणेचार," ओटीवरून आवाज आला. "आत्ता ओहोटीत कुठे निघता? दुपारी जेवून जाऊ."