घाईचा घास

पहाट झाली, की निमोणे गावातील घरांतून भाकरी थापल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील हे गाव. भोवतालचा मुलूख कमी पावसाचा. म्हणून बाजरी हे येथील जुने धान्य. ऊन चढण्यापूर्वी रानात पोहोचावयाचे असते. तेव्हा चार भाकरी, एक कांदा आणि थोडा ठेचा फडक्यात बांधून माणसे कामाला निघतात. दुपारी बांधावरच्या झाडाखाली ती शिदोरी सोडली, की चूल पेटवावी लागत नाही आणि ताटही मांडावे लागत नाही. हातावर भाकरी घेतली, की जेवण सुरू !

घाईच्या वेळी चटकन खाता यावे असे अन्न माणसाला नेहमीच हवे होते. दशम्या, धपाटे, भडंग, लाडू हे आपल्याकडील प्रवासाचे आणि कामाचे सोबती. मग ज्याला आज 'फास्ट फूड' म्हणतात, त्यात नवे ते काय? नवे आहे ते एवढेच, की ही शिदोरी आता घरी न बांधता बाजारात विकत घेतली जाते, आणि ती तयार करणे हा एक मोठा उद्योग झाला आहे. हा उद्योग कसा वाढला, हे आपण पाहू.

सन १९४८ मधली गोष्ट. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन बर्नार्डिनो नावाचे शहर आहे. तेथे रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डोनल्ड या दोघा भावांचे एक खाद्यगृह होते. ते चांगले चालत असतानाही त्यांनी ते काही काळ बंद ठेवले आणि त्याची सारी रचना बदलून टाकली. अनेक पदार्थ होते, त्यांतले मोजकेच ठेवले. वाढपी काढून टाकले. गिऱ्हाइकाने स्वतः खिडकीपाशी येऊन पदार्थ घ्यावा, असे ठरविले. काचेच्या व चिनी मातीच्या भांड्यांऐवजी कागदी वेष्टणे आणली. सर्वांत महत्त्वाचा बदल स्वयंपाकघरात झाला. मोटारीच्या कारखान्यात जसा प्रत्येक कामगार एकच काम पुनःपुन्हा करतो, तशी येथे कामे वाटून दिली. एकाने फक्त मांसाची वडी भाजावयाची, दुसऱ्याने पावात चटणी लावावयाची, तिसऱ्याने ते बांधावयाचे. त्यामुळे पदार्थ क्षणात तयार होऊ लागला आणि त्याची किंमत १५ सेंटांपर्यंत उतरली. पुढे १९५५ मध्ये रे क्रॉक या विक्रेत्याने शिकागोजवळ याच नावाचे दुकान उघडले आणि तेथून ही पद्धत देशभर पसरली.

ती एवढ्या वेगाने का पसरली? त्या देशात घरोघर मोटारी येत होत्या आणि रुंद हमरस्ते तयार होत होते. माणसे घरापासून दूर कामाला जाऊ लागली होती. आईवडील दोघेही नोकरी करीत असलेली घरे वाढत होती. स्वयंपाकाला वेळ उरला नव्हता. तो वेळ ही दुकाने विकू लागली.

आता आपल्या मुंबईकडे वळू. परळ, लालबाग, वरळी या भागाला गिरणगाव म्हणत. तेथील कापडगिरण्यांत लक्षावधी कामगार पाळ्यांनी राबत असत. लोकल गाडीतून उतरून गिरणीचा भोंगा होण्यापूर्वी पोटात काहीतरी पडावे, ही त्यांची गरज होती. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य हे बटाटेवडा पावात घालून विकू लागले; वडापावाचे जनक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. चमचा नको, ताटली नको, बसावयास जागाही नको. थोड्या पैशांत गरम घास हाती येई. सॅन बर्नार्डिनोच्या भावांनी जे योजून केले, तेच येथे एका साध्या गाडीवर घडले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यात सुमारे २,५०,००० कामगार होते. संप लांबला आणि कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. ज्यांची नोकरी गेली त्यांतील काहींनी वडापावाच्या गाड्या टाकल्या. ज्या घासाने त्यांची भूक भागविली होती, त्यानेच त्यांचा संसार सावरला. वडापावाकडे पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही.

या लहानशा पदार्थात किती देश एकत्र आले आहेत ! बटाटा दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ मुलखातला. मिरचीही अमेरिका खंडातूनच आली. पाव आणला पोर्तुगिजांनी. तो शब्दही त्यांचाच. हरभऱ्याचे बेसन मात्र आपल्या रानातले. १९९६ साली मॅक्डोनल्डची दुकाने भारतात आली, तेव्हा त्यांनाही गाईचे मांस बाजूला ठेवून बटाट्याची टिक्की पावात घालावी लागली. उलट २००१ साली मुंबईत मालाड येथे वडापावाचे एक दुकान निघाले. पुढे 'जम्बोकिंग' या नावाने, अमेरिकन पद्धतीनेच, त्याच्या शाखा निघाल्या. असे हे दोन्ही बाजूंनी एकमेकांकडून शिकणे चालले आहे.

येथे एक प्रश्न मनात येतो. पाव जगभर गेला. मग आपली भाकरी दुकानांच्या रांगांत का दिसत नाही? याचे उत्तर धान्यातच आहे. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो. त्यामुळे कणीक ताणली जाते, फुगते, आणि यंत्राने तिचे शेकडो पाव एका वेळी भाजता येतात. बाजरीत ते नसते. तिची भाकरी ऊन पाण्यात मळून, हाताने हळूहळू थापावी लागते. शिवाय बाजरीच्या पिठात तेलाचा अंश असल्याने ते थोड्याच दिवसांत कडवट होते. मैद्यातून कोंडा आणि अंकुर काढून टाकलेले असतात, म्हणून तो पुष्कळ दिवस टिकतो. परंतु जे काढून टाकले, त्यातच पोषणाचा मोठा भाग होता. टिकाऊपणा मिळाला, पौष्टिकता गमावली.

झटपट अन्नाची खरी अडचण हीच आहे. वडापाव अधूनमधून खाण्यात काहीच वाईट नाही. परंतु त्यात तळणीचे तेल, मीठ आणि मैदा पुष्कळ. पालेभाजी, दूध, फळे मुळीच नाहीत. तो रोजच्या जेवणाची जागा घेऊ लागला, की वाढत्या शरीराला हवे ते मिळत नाही. तेच तेल पुनःपुन्हा तापविले, की ते बिघडते. वर्तमानपत्राच्या कागदाची शाई पदार्थात उतरते, म्हणून त्यात अन्न बांधण्यास आपल्याकडे कायद्याने मनाई आहे. २०२० साली केलेल्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिशय गोड, खारट व तेलकट पदार्थ विकण्यासही बंदी आहे.

अमेरिकेतही लोक जागे झाले आहेत. ज्यांच्या २० किंवा अधिक शाखा आहेत, अशा खाद्यगृहांना २०१८ पासून प्रत्येक पदार्थापुढे त्याची ऊष्मांकसंख्या लिहावी लागते. तेथे आता मोटारीतून न उतरताच खिडकीवर पदार्थ घेता येतो, आणि माणसाऐवजी यंत्राच्या पडद्यावर मागणी नोंदविता येते. तथापि, भट्टीपुढे उभा राहणारा कामगार अजूनही माणूसच आहे. एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियाने मोठ्या साखळीदुकानांतील कामगारांना तासाला किमान २० डॉलर वेतन ठरवून दिले. घास स्वस्त असला, तरी त्याची किंमत कोणीतरी मोजीतच असतो, हे त्या राज्याने ओळखले.

नीट विचार केला, तर कोणतेच अन्न झटपट होत नाही. बटाटा वाढण्यास काही महिने लागतात. बाजरीचे कणीस भरण्यास पावसाळा जावा लागतो. घाई असते ती खाणाऱ्याची. वेळ मात्र दुसऱ्या कोणाचा तरी खर्ची पडलेला असतो. गाडीवरच्या वड्यामागे पहाटे बटाटे उकडणारे हात असतात, आणि शिदोरीतील भाकरीमागे आपल्या आईचे. चुलीच्या धुरापुढे रोज बसणे सोपे नसते. म्हणून भाकरीचे नुसते गोडवे गाऊन भागणार नाही; ती थापण्यास मुलींनी आणि मुलांनीही शिकले पाहिजे.

भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. त्या निमित्ताने ज्वारी आणि बाजरी यांची थोरवी जगाने ऐकली. निमोण्याच्या शिवारात ती पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. जत्रेच्या दिवशी गरम वडापाव आवडीने खावा. रोजच्या डब्यात मात्र भाकरी आणि भाजी असावी. आणि डबा उघडताना क्षणभर आठवावे, की आपला वेळ वाचावा म्हणून आज कोणी पहाटे उठले होते.