पंचवीस मैलांचे कलम

गोदाम जळाले तर गोदामाची किंमत विमाकंपनीकडून मिळते, एवढे ज्ञान आपल्या व्यापारी वर्गात आता सार्वत्रिक झाले आहे. परंतु ते गोदाम पुन्हा उभे राहीपर्यंत जे सहा-आठ महिने धंदा ठप्प होतो, त्या मुदतीत बुडालेला नफा, आणि धंदा बंद असूनही बंद न होणारे भाडे, पगार व कर्जाचे व्याज कोणी सोसावयाचे, या प्रश्नाचे उत्तर देणारा विमा मात्र अजून पुष्कळांच्या परिचयाचा नाही. आपल्याकडे तो ‘फायर लॉस ऑफ प्रॉफिट’ पॉलिसी या नावाने मिळतो. त्याची पहिली शर्त अशी की, विमा उतरलेल्या मालमत्तेस आग वा तत्सम आपत्तीने प्रत्यक्ष इजा झालेली असली पाहिजे. ती झाली नसेल तर नफ्याचा दावा उभाच राहत नाही. साथीच्या रोगाने भिंतीला तडा जात नाही व यंत्राचा खिळाही ढिला होत नाही, आणि सगळी अडचण नेमकी तेथेच सुरू होते.

इंग्लंडातील विमाकंपन्यांनी ही शर्त ग्राहक मिळविण्याच्या चढाओढीत बरीच सैल केली होती. उपाहारगृहे, दुकाने व खानावळी यांच्या पॉलिसींना त्यांनी काही जादा कलमे जोडली, आणि मालमत्तेस इजा नसतानाही धंदा थांबल्यास भरपाईची हमी दिली. हा मजकूर वाचताना मोठी गंमत वाटते. उंदीर-घुशींचा उपद्रव, सांडपाण्याच्या व्यवस्थेतील दोष, अन्नातून झालेली विषबाधा, जागेत घडलेला खून अथवा आत्महत्या, आणि या साऱ्यांच्या पंक्तीला बसविलेला, सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या एखाद्या रोगाचा, जागेपासून 25 मैलांच्या परिघात झालेला प्रादुर्भाव! मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांपुढे एखाद्या गावातील विषमज्वर असावा. सबंध राष्ट्राला कुलूप लागेल, ही कल्पना त्याला शिवलेली दिसत नाही.

5 मार्च 2020 रोजी कोविडची गणना अशा कळविण्याजोग्या रोगांत झाली, 20 मार्चला पानगृहे व उपाहारगृहे बंद करण्याचा हुकूम निघाला, आणि 23 तारखेस लोकांना घराबाहेर पडण्याचीच मनाई झाली. दाव्यांचा पाऊस पडला आणि बहुतेक दावे नामंजूर झाले. एकेका लहान दुकानदाराने कंपनीशी झुंजत बसण्याचे कारण पडू नये म्हणून वित्तव्यवहारांवर देखरेख करणाऱ्या तेथील सरकारी नियामकानेच, आठ कंपन्या व 21 नमुन्याच्या पॉलिसी निवडून, कसोटीचा खटला दाखल केला. निकालाचा परिणाम 60 हून अधिक कंपन्यांच्या सुमारे 700 प्रकारच्या पॉलिसींवर आणि 3 लाख 70 हजार विमेदारांवर होईल, असा त्याचा अंदाज होता. उच्च न्यायालयाने सप्टेंबरात निकाल दिला, आणि मधली पायरी ओलांडून अपील थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

कंपन्यांची कैफियत वरवर पाहता बिनतोड होती. त्यांचे म्हणणे असे की, तुमच्या 25 मैलांत एकही रोगी नसता तरीही देशभर रोग पसरलाच होता, सरकारने टाळेबंदी केलीच असती आणि तुमचा धंदा बसलाच असता. सबब परिघातील रोगी हे तुमच्या नुकसानीचे कारणच नव्हे. या युक्तिवादाचे पर्यवसान असे की, आपत्ती जितकी लहान तितके विम्याचे संरक्षण पक्के, आणि ती जितकी विस्तीर्ण तितके ते विरळ! हप्ता घेताना ही गोष्ट विमेदाराला कोणी सांगितली असती, तर त्याने पाकिटाला हातही लावला नसता.

15 जानेवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कैफियत फेटाळली. न्यायमूर्तींनी दृष्टान्त दिला तो असा: वीस माणसांनी मिळून एक बस कड्यावरून ढकलली, आणि तेरा-चौदा माणसेही त्या कामास पुरेशी होती असे सिद्ध झाले, तर आपल्यावाचूनही बस पडलीच असती असे म्हणून त्यांतील प्रत्येकाला सुटता येईल काय? टाळेबंदीचा निर्णय देशातील सर्व रोग्यांकडे पाहून झाला. म्हणून त्यांतील प्रत्येक रोगी, आणि अर्थातच परिघातला रोगीही, त्या निर्णयाचे समान कारण ठरतो. कलम केवळ परिघातील रोग्यांपुरते आहे, हे कंपन्यांचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले. पण तेवढ्याने त्यांचा बचाव झाला नाही.

या खटल्यात एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. कंपन्यांची भिस्त 2010 मधील एका निवाड्यावर होती. 2005 मध्ये कॅटरिना व रिटा या चक्रीवादळांनी न्यू ऑर्लिन्समधील एका हॉटेलची नासधूस केली, तेव्हा हॉटेल शाबूत असते तरी उद्ध्वस्त शहरात प्रवासी आलेच नसते, असे म्हणून विमाकंपनीने हात आखडला, आणि लवाद व न्यायालय या दोहोंनी ते ग्राह्य धरले. त्या लवादात जॉर्ज लेगॅट होते, आणि अपील फेटाळणारे न्यायाधीश होते निकोलस हॅम्ब्लेन. दहा वर्षांनी तेच दोघे सर्वोच्च न्यायालयात बसले असताना हा निवाडा त्यांच्यापुढे आला, आणि दोघांनी मिळून लिहिलेल्या निकालपत्रात तो चुकीचा ठरवून त्यांनी रदबातल केला. न्यायासनावर बसलेल्या माणसाला स्वतःचे मत असे जाहीरपणे मोडून काढण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि आला तरी ते धैर्य दाखविणारे थोडेच.

मात्र कंपन्या सरसकट खलनायक ठरविणेही न्याय्य नव्हे. आग एका पेठेत लागते आणि उरलेल्या पेठांच्या हप्त्यांतून तिची भरपाई होते. महामारीत सगळ्याच पेठा एकदम दावे घेऊन उभ्या राहतात. असे ओझे खाजगी तिजोरीला पेलत नाही, म्हणून त्यामागे सरकारचा जामीन लागतो. दहशतवादी हल्ल्यांच्या बाबतीत ब्रिटनने 1993 मध्ये आणि भारतातील विमाकंपन्यांनी 2002 मध्ये सामाईक निधीची व्यवस्था केली. महामारीसाठी अशा निधीचा विचार करण्यास आपल्या विमा नियामकानेही 2020 मध्ये अभ्यासगट नेमला होता.

मुंबईच्या प्लेगात जन्मलेला 1897 चा साथरोग कायदा महाराष्ट्र सरकारने मार्च 2020 मध्ये पुन्हा अंमलात आणला, तेव्हा ज्यांची दुकाने, नाट्यगृहे व खानावळी बंद झाल्या त्यांच्यापैकी ज्यांच्यापाशी केवळ आगीशी निगडित पॉलिसी होती, त्यांच्या दाव्याला मुळात आधारच नव्हता. इंग्लंडचा निकाल त्यांच्या उपयोगी पडणारा नाही, कारण तो विशिष्ट कलमांच्या शब्दांवर उभा आहे. म्हणून धंदा चालविणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती की, नूतनीकरणाचा कागद येईल तेव्हा एजंटाला समोर बसवून तीन गोष्टींचा लेखी खुलासा मागावा: मालमत्तेला इजा झाल्यावाचून नफ्याची भरपाई मिळते काय, संसर्गजन्य रोग वगळणारे कलम जोडलेले आहे काय, आणि सरकारी हुकमाने धंदा बंद झाल्यास कोणती रक्कम, किती मुदतीपर्यंत मिळेल.