भाषणात नसलेला अर्थसंकल्प

२ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने देशातल्या आठ मोठ्या रस्त्यांना मंजुरी दिली. एकूण खर्च ५०,६५५ कोटी रुपये. त्यातला एक रस्ता पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या दारातून निघतो. नाशिक फाटा ते खेड, ३० किलोमीटर, आठ पदरी उन्नत मार्ग, ७,८२७ कोटी रुपये. दहाच दिवसांपूर्वी, २३ जुलैला, निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडला होता. त्या भाषणात नाशिक फाट्याचा उल्लेख नव्हता. टीव्हीसमोर बसून ते संपूर्ण भाषण ऐकलेल्या कासारवाडीकरालाही आपल्या डोक्यावरून आठ पदरी रस्ता जाणार आहे, याचा पत्ता लागला नसता.

कासारवाडीतून पुणे-लोणावळा लोहमार्ग जातो आणि जुना पुणे-मुंबई रस्ताही जातो. इथूनच नाशिकचा रस्ता फुटतो. २०२२ च्या मार्चपासून मेट्रोही धावते. भोसरीच्या एमआयडीसीतला माल, चाकणला निघालेल्या कंपन्यांच्या बस, तिसऱ्या पाळीचे कामगार, सगळे याच फाट्यावर अडकतात. रेल्वे, रस्ता, मेट्रो या तिन्हींत केंद्राचा पैसा आहे. म्हणून हे गाव हाताशी धरून अर्थसंकल्प वाचायला हवा, असं मला वाटतं. पण तो वाचायचा कुठे? रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ साली मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. त्याआधी पुणे-लोणावळा मार्गाच्या तिसऱ्या-चौथ्या रुळांचं काय झालं, हे ऐकायला निदान एक ठरलेला दिवस होता. आता ते आकडे रेल्वेच्या कामांच्या जाडजूड यादीत शोधावे लागतात.

आकडे शोधण्याची विद्या पुण्याला नवीन नाही. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन कॉलेजातून कलकत्त्याच्या कायदेमंडळात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. सरकार शिलकीची बढाई मारत होतं. देशात नुकताच भयंकर दुष्काळ पडून गेला होता, प्लेग अजून गेला नव्हता, आणि तिजोरीत मात्र वर्षामागून वर्ष कोट्यवधी रुपये उरत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे हाती घेतले आणि दाखवून दिलं की ही शिल्लक रयतेच्या भरभराटीतून आलेली नाही. रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढवल्यामुळे इंग्लंडला पाठवायचा पैसा कमी रुपयांत भागत होता, आणि पडत्या काळात चढवलेले कर मात्र जसेच्या तसे होते. मग उरलेला पैसा ज्यांच्याकडून घेतला त्यांना परत करा, ही त्यांची मागणी. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १,००० रुपयांवर गेली. यामागे एकट्या गोखल्यांचा जोर होता असं नाही. पण एक गोष्ट विसरता कामा नये. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलायची मुभा दिली होती, मतदानाची नव्हती. एका रुपयाचीही कपात ते करू शकत नव्हते. तरीही सरकारला उत्तर द्यावं लागे, कारण समोरच्या माणसाने कागद सरकारइतकेच बारकाईने वाचलेले असत.

स्वातंत्र्यानंतर केंद्राचं अर्थखातं चार मराठी माणसांकडे आलं. चिंतामणराव देशमुखांच्या काळात, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. या पट्ट्याचं नशीब बदलायला सरकारी पैशाने सुरुवात झाली, टेल्को आणि बजाज नंतरचे. मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला, तो महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांचे अर्थसंकल्प मात्र कुणी चाळत नाही. यशवंतराव चव्हाणांच्या काळात प्राप्तिकराचा वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर गेला आणि १९७४ मध्ये त्यांनीच तो ७७ वर आणला. शंकरराव चव्हाण आणि मधु दंडवते यांना एकेकच अर्थसंकल्प मिळाला. दंडवत्यांनी १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा केली. सराफ कट्ट्यावर त्याची आठवण अजून निघते.

आता कासारवाडी-भोसरीच्या शेडमध्ये येऊ. दोन सीएनसी, चार-पाच माणसं, मोठ्या कंपनीच्या व्हेंडरचं जॉबवर्क. इथे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘पेमेंट अडकलंय’. माल मंजूर होतो, बिल लागतं, आणि नव्वद दिवस, एकशेवीस दिवस जातात. पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा कायदा २००६ पासून आहे. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्यावर दावा कोण लावणार? २०२३ च्या वित्त विधेयकाने वेगळा रस्ता धरला. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये एक पोटकलम घातलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदत उलटून ३१ मार्चला थकलेलंच असेल, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च उत्पन्नातून वजा करता येणार नाही. लेखी करार असेल तर मुदत पंचेचाळीस दिवस, नसेल तर पंधरा. म्हणजे लहान माणसाला भांडायला न लावता मोठ्याचा कर वाढवायचा. गेल्या कित्येक वर्षांत या पट्ट्यातल्या लहान कारखानदारासाठी याहून कामाची तरतूद झालेली नाही, असं माझं ठाम मत आहे. भाषणात तिला एक-दोन वाक्यं मिळाली.

या तरतुदीत धोकेही आहेत. मध्यम उद्योगांना हे कलम लागू नाही, त्यामुळे ऑर्डर तिकडे वळवायचा मोह खरेदीदाराला होतो. २०२५ च्या अर्थसंकल्पाने उद्योगांच्या व्याख्या रुंदावल्या. लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी झाली, सूक्ष्मची ५ वरून १० कोटी. संरक्षणाची कक्षा वाढली हे चांगलंच झालं. पण दोन मशिनांची शेड आणि दहा कोटींची उलाढाल करणारा कारखाना आता एकाच रांगेत उभे आहेत. कर्जासाठी बँक आधी कुणाला बोलावील, हे सांगायला नको.

अप्रत्यक्ष कर तर बव्हंशी अर्थसंकल्पाबाहेरच गेले आहेत. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून पार्ट, गाडी, ट्रक यांवरचा दर जीएसटी परिषद ठरवते. २०२५ मध्ये ३ सप्टेंबरच्या बैठकीत लहान मोटारी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी आणि मालवाहू ट्रक २८ टक्क्यांवरून १८ वर आले, २२ सप्टेंबरपासून ते लागूही झालं. आकुर्डी, पिंपरी, चाकण यांच्यासाठी त्या वर्षातला सर्वांत मोठा करनिर्णय हाच, आणि तो १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात झाला नाही. परिषदेत राज्यांच्या मतांचं वजन दोन तृतीयांश असतं. तरीही दर ठरवण्याआधी तिथे काय चर्चा झाली, हे संसदेतल्या चर्चेसारखं आपल्याला ऐकता येत नाही.

१ फेब्रुवारी २०२५ ला गाजली ती बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाची करमुक्ती. कायम कामगाराला, वेतन कराराने बरा पगार असलेल्याला, तिचा खरा फायदा आहे आणि तो त्याचा हक्कच आहे. त्याच लाइनवर त्याच्या शेजारी उभा असलेला कंत्राटी मुलगा महिन्याला वीस हजार मिळवत असेल, तर तो करात आधीही नव्हता. त्याच्यासाठी जुलै २०२४ मध्ये पहिल्या नोकरीची प्रोत्साहन योजना जाहीर झाली. पंधरा हजारांपर्यंत, भविष्यनिर्वाह निधीत नाव असेल तर. ती प्रत्यक्षात लागू झाली १ ऑगस्ट २०२५ पासून. दरम्यान वर्षभर ज्यांनी पहिली नोकरी धरली, त्यांच्या हाती काहीच आलं नाही.

हे सगळं विचारायची जागा लोकसभा. संविधानाच्या ११३ व्या अनुच्छेदाने लोकसभेला प्रत्येक खात्याची मागणी मंजूर करायचा, कमी करायचा किंवा नाकारायचा अधिकार दिला. गोखल्यांना जे मत नव्हतं, ते लोकसभेतल्या आपल्या प्रत्येक खासदाराला आहे. आणि २०१८ मध्ये, पुन्हा २०२३ मध्ये, गोंधळात सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर झाल्या. इतर वर्षीही मोजक्याच खात्यांवर बोलणं होतं, बाकीची गिलोटिनखाली जातात, म्हणजे चर्चेविना एकदम मंजूर होतात. २०२५-२६ चा अंदाजित खर्च ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. त्या वर्षी सरकारकडे येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे होते, आणि जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजाचे. एवढ्या रकमेवर न बोलता हात वर करणं मला अत्यंत क्लेशदायक वाटतं. यात सत्ताधारी आणि विरोधक दोघेही दोषी आहेत. एक बाजू गोंधळ घालते आणि दुसरी त्याचा फायदा घेते.

पिंपरी-चिंचवडचे मतदार मावळ आणि शिरूर या दोन मतदारसंघांत वाटले गेले आहेत. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी रस्ते वाहतूक खात्याच्या मागणीवर बोलायची वेळ मागून घ्यावी. नाशिक फाटा-खेड मार्ग बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर आहे. म्हणजे ठेकेदार आधी आपला पैसा घालणार आणि साधारणपणे टोलमधून वसूल करणार. तो टोल किती वर्षं, चाकणला रोज जाणाऱ्या कामगारांच्या बसला त्यातून सूट आहे की नाही, खालचा रस्ता टोलमुक्त राहील याची लेखी हमी आहे का, आणि खांब उभे राहीपर्यंत फाट्यावरची वाहतूक कुठून जाणार, एवढं विचारलं तरी बरंच काही कामकाजाच्या नोंदीवर येईल.