कोपरारक्षकाच्या हाती करार येतो तेव्हा

भातकापणी आटोपली, खळी मोकळी झाली की पेण आणि रोहा तालुक्यांत कबड्डीचा मोसम सुरू होतो. हमरापूर-वडखळपासून नागोठणे-कोलाडपर्यंत गावोगाव मैदाने आखली जातात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. टाळ्या मिळतात त्या चढाईपटूला. कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या पोराकडे मात्र तो चुकला म्हणजेच लोकांचे लक्ष जाते. याच कोपरारक्षकाबद्दल आज आम्हाला लिहायचे आहे. कारण आमच्या वाड्या-वस्त्यांतली कितीतरी मुले आज याच जागेवरून व्यावसायिक कबड्डीचे स्वप्न पाहत आहेत.

चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात चढाईपटूचा पाय कधी आत येतो हे हेरायचे, घोटा धरायचा आणि मध्यरक्षक येऊन भिडेपर्यंत सोडायचा नाही, हे कोपरारक्षकाचे काम. एक क्षण आधी झेपावला तर गुण गेला, एक क्षण उशीर झाला तरी गुण गेला. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड ठरते आणि एक गुण जास्त मिळतो. हे कसब अंगात मुरायला वर्षे लागतात. त्या वर्षांत गुडघे आणि खांदे झिजतात. कुमार गटातून वरिष्ठ गटात गेल्यावर ८५ किलोपर्यंतच्या गड्यांना अडवायचे असते. त्यासाठी अंगात ताकद हवी, ताकदीसाठी खुराक हवा आणि खुराकासाठी पैसा हवा. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे पाळीवर राबणाऱ्या बापाच्या घरात तो पैसा कुठून येणार?

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला १२ लाख ८० हजारांची सर्वोच्च बोली लागली. २०१८ मध्ये इराणचा फजल अत्राचली या डाव्या कोपरारक्षकाला यू मुंबाने १ कोटी रुपये दिले. कोटीचा आकडा गाठणारा तो लीगमधला पहिला खेळाडू आणि तो बचावपटू होता, ही गोष्ट आमच्या मुलांनी लक्षात ठेवावी. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांवर गेली. आपल्या राज्याचा गिरीश इर्नाक डाव्या कोपऱ्यात उभा राहूनच २०१८ च्या आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघात पोहोचला. बंगाल, पुणे, गुजरात, मुंबई असे संघ त्याने बदलले. म्हणजे वाट आहे. पण ती किती अरुंद आहे? संघ १२ आणि एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. देशभरात जागा ३००, त्यातच परदेशी खेळाडूही आले. मुलींना तर तेवढेही दार उघडलेले नाही. २०१६ मध्ये तीन महिला संघांची स्पर्धा झाली, पण पुढच्या वर्षी ती भरली नाही.

लिलावाचे आकडे वर्तमानपत्रात छापून येतात, कराराची कलमे येत नाहीत. आम्ही वकिली करतो, म्हणून कलमांबद्दल बोलणे आमचे कर्तव्य समजतो. वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने मुळातच रद्दबातल असतो. १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हे स्पष्ट केले आहे. तेव्हा सतरा वर्षांच्या पोराची सही घेऊन ‘आता तू आमचा बांधील’ असे कोणी सांगत असेल, तर घाबरू नये. दुसरी गोष्ट म्हणजे, मुदत संपल्यावरही खेळाडूला बांधून ठेवणारी अट चालत नाही. २००६ मध्ये झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने करार कायद्याच्या कलम २७ चा आधार घेऊन हाच निर्णय दिला. झहीरच्या बाजूने वकिलांची फौज होती. रोह्याच्या पोराच्या बाजूने कोण उभे राहणार?

केवळ कसब असून भागत नाही, हे आपल्या इतिहासानेच दाखवले आहे. पालवणकर बाळू या चर्मकार तरुणाने पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी राखली आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी टाकली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते मिळाले १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना. बाळूंचे पुढचे राजकारण आम्हाला मान्य नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. पण ज्याच्या हातात चेंडू होता त्याच्या हातात अटी नव्हत्या, हे सत्य त्याने बदलत नाही.

म्हणून पालकांना आणि गावच्या मंडळांना आमचे सांगणे आहे. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. मोसम संपल्यावर गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली तर खर्च कोण देणार? पैसे किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखांना मिळणार? वाद झाला तर लवाद कोणत्या शहरात बसणार? दिल्लीत बसणार असेल तर पेणचा पोरगा तिथे तारखांना कसा जाणार? करार इंग्रजीत असेल तर तो मराठीत समजावून घेतल्याशिवाय पेन उचलू नये.

आणि शाळा-कॉलेज सोडू नये. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, क्रीडा खात्याची पडताळणी लागते आणि पदासाठी ठरलेले शिक्षणही लागते. गावच्या सामन्यात जिंकलेली मोटारसायकल तिथे कामाला येत नाही. बारावीत नापास झालेला उत्तम कोपरारक्षक तिशीच्या आत दुखापतीने बाहेर बसला, की त्याच्यापुढे पुन्हा ठेकेदाराचीच पाळी उरते. प्रमाणपत्रांची फाईल आईने लग्नपत्रिकेसारखी जपून ठेवावी.

पेण आणि रोह्याच्या न्यायालयांत आपल्या समाजातले वकील आज कमी नाहीत. महिन्यातला एक रविवार बुद्धविहारात बसून या मुलांचे करार फुकट वाचून देणे आपल्याला जड नाही. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपण व्यासपीठावरून नेहमी म्हणतो. येत्या मोसमाच्या आधी, जातीपातीचा विचार न करता तालुक्यातल्या प्रत्येक खेळाडूसाठी, हे काम सुरू करू या.