अंगणातील कोंबड्या आणि आपली जबाबदारी

घरी कोंबड्या पाळायचा विषय निघाला की आपल्या भगिनींचा पहिला प्रश्न असतो, "खर्च वजा जाता किती उरतं?" आम्हीही हिशेबानेच सुरुवात केली. परसातल्या खुराड्यात सासूबाईंच्या वेळेपासूनच्या लहान चणीच्या गावठी कोंबड्या होत्याच. अशा बुटक्या कोंबड्यांना इंग्रजीत बँटम म्हणतात. जावा बेटावरील बांतेन बंदरावरून ते नाव पडले. त्यांच्या जोडीला आम्ही मांसासाठी बॉयलरची पंधरा पिल्ले आणली.

बॉयलरची निगा पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. खाली भाताचे कोरडे तूस पसरावे, वर बल्ब टांगावा. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश उष्णता हवी. पिल्ले बल्बखाली दाटीने बसली तर त्यांना थंडी वाजते आहे आणि दूर पळाली तर ऊब जास्त झाली, असे समजावे. पाच ते सात दिवसांची झाली की मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात घालावा. लस कशी आणि केव्हा द्यायची, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. सहा आठवड्यांत पिल्लू दोन किलोच्या आसपास भरते आणि तोवर साधारण चार किलो खाद्य खाते.

गावठी कोंबडीला एवढी घाई नसते. ती किडे टिपते, कणी खाते. पाच-सहा महिन्यांनीही तिचे वजन जेमतेम किलोभर असते. पण ती खुडूक झाली की आठ-दहा अंडी देऊन बसवावी. २१ दिवस ती जागची फारशी हलत नाही. घार दिसली की पिल्ले पंखाखाली घेते. तिचा वंश अंगणातच चालतो.

बॉयलरचे तसे नसते, हे आम्हाला चूक करून कळले. चौदा कोंबड्या वेळेवर जबह झाल्या. पंधरावी आमच्या धाकटीने पलंगाखाली लपवली होती. तिचे नावही ठेवले होते, मोती. लेकीचे रडणे पाहून आम्ही म्हटले, राहू दे. दहाव्या आठवड्यात मोतीचे पाय फाकू लागले. पाण्याच्या भांड्यापर्यंत जाणेही तिला जमेना. एप्रिलमधल्या एका दुपारी आम्ही घरी परतलो तेव्हा ती मरून पडली होती. मेलेले जनावर आपल्याला हराम. परसात खड्डा करून पुरले. धाकटी म्हणाली, "अम्मी, मी तर तिला वाचवलं होतं ना?"

चूक तिची नव्हती, आमची होती. ही जात झटपट वजन धरण्यासाठीच तयार केलेली आहे. तेवढे वजन तिच्या पायांना आणि काळजाला फार दिवस पेलत नाही. प्रत्येक कामात एहसान करावा, जबह करतानाही सुरी धारदार ठेवून जनावराला आराम द्यावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह मुस्लिममध्ये आली आहे. आम्ही ती सुरीच्या धारेपुरतीच समजत होतो. वेळ टाळल्यानेही जनावराला त्रास होतो, हे मोतीने शिकवले.

आता पिल्ले आणली की त्याच दिवशी जबहची तारीख कॅलेंडरवर लिहितो आणि मुलांनाही तेव्हाच समजावून सांगतो. भर उन्हाळ्यात बॉयलर आणत नाही. सुरी कोंबडीसमोर पाजवत नाही. एकीसमोर दुसरी जबह करत नाही. गावठीतला मात्र एक कोंबडा आणि दोन तलंगा कितीही पाहुणे आले तरी राखून ठेवतो, म्हणजे वंश टिकतो.

भगिनींनो, पिल्ले जरूर आणा. फक्त कोणती किती दिवस ठेवायची, हे आणण्याआधी घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. आमच्या धाकटीने आता एका बुटक्या तलंगेचे नाव मोती ठेवले आहे. गेल्या आठवड्यात ती खुडूक झाली. नऊ अंड्यांवर बसली आहे आणि धाकटी रोज फज्रनंतर तिच्यापुढे पाणी ठेवते.