सहा आठवड्यांच्या कार्यशाळेतून नामवंत लेखक कसे घडतात?

'माझं पहिलं पुस्तक आलं!' अशा पोस्ट आपण रोज पाहतो. त्यामागची वर्षं मात्र दिसत नाहीत. अमेरिकेतली क्लॅरियन कार्यशाळा याचं चांगलं उदाहरण आहे.

१९६८ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या या कार्यशाळेत विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणारे नवोदित सहा आठवडे एकत्र राहतात. तुमच्या कथेवर प्रत्येक जण आळीपाळीने मत देतो. तोपर्यंत तुम्ही गप्प बसून ऐकायचं.

टेड चियांग १९८९ मध्ये इथे शिकले. पुढच्याच वर्षी छापून आलेल्या त्यांच्या कथेला नेब्युला पुरस्कार मिळाला.

सगळ्यांचं असं होत नाही. ऑक्टेव्हिया बटलर १९७० मध्ये इथे आल्या. त्यांच्या दोन कथा लगेच विकल्या गेल्या. नंतरची पाच वर्षं एकही नाही! मिळेल ते काम करत त्या पहाटे उठून लिहीत राहिल्या. पहिली कादंबरी १९७६ मध्ये आली. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बेस्टसेलर यादीत त्यांचं पुस्तक पोहोचलं थेट २०२० मध्ये, निधनानंतर १४ वर्षांनी.

थोडक्यात, सोबतचे लेखक कथेतल्या चुका दाखवतात. नकार पचवून लिहीत राहणं मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं.